पहिले पाचशे मैल

सत्तावीस मैल झाले. अजून धूर.
पांढरा नाही, काळा नाही, निळा;
स्लेटचा दगड नुकता फुटला की कडेवर असतो तो निळा,
ज्या निळ्यावर आमच्या गावानं शंभर वर्षं पोट भरलं.

आगीशिवाय धूर निघत नाही म्हणतात.
आगीबद्दल माझी तक्रारच नाही, ती हवीच आहे.
तक्रार तेलाची :
जिथं त्याचं काही काम नाही तिथं ते वर चढतं
आणि जळतं,
आणि जाऊन बसतं
मिसेस प्रोबर्टच्या दोरीवरच्या चादरींवर.

पोर्थमाडॉगच्या मॉस्टिननं सिलिंडर चाळीस थाऊ मोठा करून दिला,
आतून होनिंगच्या बारीक तिरप्या रेघा मारल्या.
"या रेघांना रिंगा घासू देत," म्हणाला, "लाड करू नकोस."
पिस्टन मी स्वयंपाकघरात बसवला,
रिंगांची तोंडं एकमेकींकडे पाठ करून,
भांडलेल्या जावा बसतात तशी.
पुस्तकात लिहिलंय : पहिले पाचशे मैल तीसच्या वर जाऊ नये.
त्या पानावर तेलाचा एक अंगठा आहे, माझा नाही.
मॉस्टिनचं सोडलं, पुस्तकाचं ऐकलं.
छत्तीस वर्षं शाळेची बस चालवलेली बाई मी,
तीसच्या आत राहणं मला जमतं.

अंगठा आइव्हरचा. बीएसएही त्याचीच.
आइव्हर आता चॅपलमागच्या केअर होममध्ये, खोली नऊ,
नाकात नळी,
छातीत खाणीची एकोणीस वर्षं
जात्याभोवतीच्या पिठासारखी बसलेली.
ऑक्सिजन आहे, म्हणून गाडी फाटकाबाहेर,
म्हणून खिडकी बंद,
म्हणून तिसऱ्या किकला ती उठली तेव्हा
भावानं काचेवर तळहात ठेवून ऐकलं.

बराच वेळ ऐकलं.
मी एक फेरी मारली, दुसरी मारली.
नर्सनं हातानं नाकासमोरची हवा सारली.
मग त्यानं पॅडवर लिहिलं, दोन शब्दांमध्ये एकेक श्वास,
आणि काचेला लावलं :
रिंग उलटी नाही.
पान उलटलं.
क्लचवरची बोटं काढ.

(आणखी एक पान लिहिलेलं होतं.
ते त्यानं काचेला लावलं नाही.)

क्रिमिया पासच्या दुसऱ्या वळणावर, एकाहत्तर साली,
हेच इंजिन जाम झालं होतं.
मागचं चाक लॉक, पुढं तो, मागं मी,
त्याची हासळी मोडली, माझा एक बूट हरवला.
तेव्हापासून कुठलंही हँडल धरलं
की माझी दोन बोटं आपोआप क्लचवर जातात.
बसमध्येसुद्धा डावा पाय अधांतरी असायचा.
इतकं त्याला फाटकातून दिसलं.

तिसरा गिअर. चढ. थ्रॉटल उघडा.
बोटं मुठीवर, दहाच्या दहा.
आवाज आधी घोगरा, मग भरलेला,
मग त्यात काहीतरी कोरडं, खरखरीत, प्रामाणिक.
आत लोखंड लोखंडाला घासत होतं आणि मी घासू दिलं.
मेंढ्या बाजूला झाल्या. वळण आलं,
वळण मागं गेलं, बूट काही दिसला नाही.
वर पोचून थ्रॉटल सोडला, इंजिनाला उतारावर ओढू दिलं,
खाली वळून पुन्हा चढ.
असं सहा वेळा. सातव्यांदा भूक लागली.

धूर अजून आहे.
मला कमी वाटतो. मिसेस प्रोबर्टला वाटत नाही,
आणि चादरी तिच्या आहेत.
रात्री तेलाच्या टाकीत वाकून बघितलं :
खुणेच्या खाली एक बोट.
काल दोन होतं.

उद्या खोली नऊला सांगेन,
एवढंच, एक बोट दाखवून, काचेतून.
चारशे बावीस मैल उरलेत.